कबूल काय, नाकबूल काय

“वादपत्रातील कलम 1 ते 9 मधील मजकूर खोटा, लबाडीचा व खोडसाळपणाचा असून तो प्रतिवादींस मान्य व कबूल नाही.” दावा लावणारा वादपत्रात आपलं म्हणणं मांडतो आणि प्रतिवादी त्याला लेखी उत्तर देतो, त्याला कैफियत म्हणतात. कैफियतीतलं हे वाक्य दिवाणी कोर्टात काम करणाऱ्या कुठल्याही वकिलाला पाठ असतं. मी 1998 साली सनद घेतली, तेव्हा माझ्या सीनियरांच्या टाइपरायटरवर ते होतं. आज माझ्या ज्युनिअरच्या लॅपटॉपवरही आहे. दिवाणी दावे वर्षानुवर्षं का चालतात असं विचारलं की लोक तारखांकडे बोट दाखवतात, न्यायाधीश कमी आहेत असं म्हणतात. दोन्ही खरं आहे. पण मला विचाराल तर दाव्याचं निम्मं आयुष्य या एका वाक्यात जातं. एका वाटपाच्या दाव्याची हकीकत त्यासाठीच सांगते. पक्षकार ओळखू येऊ नयेत म्हणून गाव, गट नंबर आणि काही बारीकसारीक तपशील बाजूला ठेवले आहेत.

आक्का माझ्याकडे 2014 मध्ये आल्या. दोन भाऊ, त्या सगळ्यांत थोरल्या. वडील 2003 मध्ये वारले, आई त्याच्या आधीच गेलेली. वडिलोपार्जित जमीन, गावातलं घर. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-बारा, आठ-अ, एक जुना फेरफार. फेरफारात लिहिलेलं होतं की मयताच्या मुलीने तलाठ्यासमोर जबाब देऊन हक्क सोडला आहे. आक्का म्हणाल्या, “ताई, सही माझीच हाय. दादा म्हणाला, वारस लावायला लागते. म्हणून केली.”

वाटपाचे दावे करणाऱ्या वकिलांना ही गोष्ट नवी नाही. जमिनीतला हक्क तलाठ्यासमोरच्या जबाबाने जात नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, आणि फेरफार ही महसुलासाठी ठेवलेली नोंद आहे, त्याने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. कायदा इतका साफ आहे. तरी खेड्यापाड्यात अशा जबाबांवर बहिणींची नावं आजही उडतात.

दावा तयार केला. महाराष्ट्रात 1994 पासून मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. कित्येक बायकांना हे माहीत नसतं आणि फीच्या धास्तीने त्या वकिलाची पायरीच चढत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं. वंशावळ, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, वडिलांच्या मृत्यूची तारीख, एकतृतीयांश हिस्सा, आणि भावांनी जमीन विकू नये म्हणून मनाईचा अर्ज. आमच्याकडे प्रत्येक कागदाला निशाणी, म्हणजे क्रमांक देतात; वादपत्राला निशाणी 1 पडते आणि मनाईच्या अर्जाला निशाणी 5. कोर्टाच्या आवारात नुसतं “निशाणी पाचवर युक्तिवाद आहे” म्हटलं की सगळ्यांना समजतं.

समन्स बजावायलाच बराच वेळ गेला. बेलीफ गेला की थोरला भाऊ शेतात, धाकटा परगावी. शेवटी घराच्या दाराला समन्स चिकटवून पंचनामा झाला तेव्हा दोघं वकिलासह हजर झाले. कायद्याप्रमाणे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची, फार तर 90 दिवसांत. कैफियत त्यानंतर खूप उशिरा, 2015 मध्ये आली. आम्ही हरकत घेतली, थोडा खर्च लावून कोर्टाने ती घेतली. 2005 मध्ये कैलाश विरुद्ध नान्हकू या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही मुदत बंधनकारक नाही, योग्य कारण असेल तर वाढवता येते. अपवादासाठी दिलेली ही सवलत खालच्या कोर्टांत नेहमीची झाली. 2015 च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात मात्र 120 दिवस उलटले की कैफियत द्यायचा हक्कच संपतो. तिथे कैफियत वेळेत येते. वकील तेच असतात, पक्षकारही पुष्कळदा तेच. म्हणून ‘आपल्या लोकांना सवयच तशी’ हे म्हणणं मी कधी मान्य केलं नाही.

तर कैफियत. पहिल्याच पानावर वरचं वाक्य. कलम 1 म्हणजे वंशावळ. म्हणजे आक्का ही आपली बहीण आहे हेही भावांना कबूल नाही. मिळकत वडिलोपार्जित हे कबूल नाही. वडील कोणत्या तारखेला वारले तेही कबूल नाही. त्यानंतर कैफियतीच्या शेवटी खरा बचाव: 1999 मध्ये वडिलांच्या हयातीत तोंडी वाटणी झाली, आणि नंतर बहिणीने हक्क सोडला. आता विचार करा. बहीणच नसेल तर हक्क कुणी सोडला? मिळकत वडिलोपार्जित नसेल तर वाटणी कशाची झाली?

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची आहे आणि ती करणाऱ्यांनी याचा विचार केलेला होता. तिच्या ऑर्डर 8 मध्ये (ऑर्डर म्हणजे संहितेतलं नियमांचं प्रकरण) आहे की प्रत्येक विधान नेमकेपणाने नाकारलं पाहिजे. गोलमाल नकार हा कबुलीच समजला जाईल. ऑर्डर 10 मध्ये आहे की पहिल्या सुनावणीला न्यायाधीशाने दोन्ही बाजूंना विचारायचं, यातलं तुम्हाला काय मान्य आहे आणि काय नाही, आणि ते लिहून ठेवायचं. ऑर्डर 12 मध्ये एका पक्षकाराने दुसऱ्याला कागदपत्रं कबूल करण्याची नोटीस द्यायची सोय आहे. पुराव्याचा कायदाही सांगतो की जे कबूल आहे ते शाबित करावं लागत नाही. 1872 च्या कायद्यातलं हे तत्त्व 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या अधिनियमातही तसंच आहे. हत्यारं सगळी आहेत, ती हातात घेतली जात नाहीत. याला दुसरीही बाजू आहे, ती न सांगणं बरोबर नाही: सकाळी बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, शंभराच्या आसपास प्रकरणं असलेल्या न्यायाधीशाने एका दाव्यात पक्षकारांना समोर बसवून तासभर विचारपूस कधी करायची? तो मुद्दे काढतो, म्हणजे कोणते प्रश्न शाबित व्हायचे ते लिहितो, पुराव्याला तारीख देतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो.

आमच्या दाव्यातही तेच झालं. मी कागदपत्रं कबूल करण्याची नोटीस दिली होती. उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे कागद कबूल धरावेत असा अर्ज दिला. त्यावर आदेश झाला की वादीने रीतसर पुरावा द्यावा. कोर्टाला तसा अधिकार आहे, कायद्यातच ती मुभा ठेवलेली आहे. 2017 मध्ये मुद्दे निघाले. पहिला मुद्दा: वादी ही मयताची मुलगी आहे हे ती शाबित करते काय?

मग आम्ही ते शाबित करायला बसलो. गावच्या प्राथमिक शाळेला समन्स काढलं. मुख्याध्यापक जनरल रजिस्टर घेऊन आले. जुनं, कडा झिजलेलं, कापडी बांधणीचं. पहिल्या तारखेला समोरच्या वकिलांचा तहकुबीचा अर्ज. दुसऱ्या वेळी न्यायाधीश साहेब रजेवर. नंतर कधीतरी ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. नोंद वाचून दाखवली. उलटतपासात त्यांना विचारलं गेलं की ही नोंद तुमच्या समोर झाली का. ते म्हणाले, नाही, तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. हे सगळं होत असताना थोरला भाऊ मागच्या बाकावर बसून होता. दर दिवाळीला ज्याला आक्का ओवाळत आली तो माणूस. संध्याकाळी आक्कांनी मला विचारलं, “दादाला उठून उभं करून एवढंच का न्हाई विचारत कुणी?” तिच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर होतं, पण ते देणारं त्या दिवशी कुणी नव्हतं.

मध्ये दावा मध्यस्थीकडेही गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली कोर्ट पाठवतं तसं. मध्यस्थीच्या खोलीत कोणीही वंशावळ नाकारली नाही. धाकटा भाऊ म्हणाला, आक्काला द्यायला आमची ना नाही, पण तिचा जावई येऊन बांधावर उभा राहील ते चालणार नाही. तोडगा निघेल असं वाटलं, निघाला नाही. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, ते पुराव्यात येत नाही, आणि यायलाही नको. नाहीतर तिथे कुणी तोंडच उघडणार नाही. पण माणूस खोलीत जे सहज बोलतो तेच कैफियतीत सहीनिशी नाकारतो, हे तिथे फार जवळून दिसतं. नाकारायला त्याला काही खर्च येत नाही. खोटा दावा किंवा खोटा बचाव केल्याबद्दल भरपाईदाखल खर्च लावायचं त्याच संहितेत कलम 35-अ आहे. त्याची कमाल मर्यादा 3,000 रुपये, 1976 च्या दुरुस्तीपासून तीच. या रकमेच्या भीतीने कोण खरं लिहील?

दरम्यान कायदा बदलत होता. मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलांसारख्या हिस्सेदार, ठरवणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ची. वडील त्या आधी गेलेले. 2015 मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की त्या तारखेला वडील हयात हवेत. आमचा दावा त्यामुळे लंगडा झाला. आक्कांना वडिलांच्या हिश्श्यातला लहान वाटा तेवढा मिळाला असता. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं होतं. मग 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल आला: मुलीचा हक्क जन्मापासूनचा, वडील हयात असण्याची अट नाही. आणि त्याच निकालात तोंडी वाटणीच्या बचावाबद्दलही सांगितलं की तो सहजी मानायचा नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधीची वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली असली पाहिजे, तोंडी वाटणी अगदी अपवाद म्हणून आणि सरकारी दफ्तराचा भक्कम आधार असेल तरच. दावा लांबला म्हणून आक्कांचा फायदा झाला असं कुणी म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. ज्या बहिणींच्या दाव्यांचे निकाल त्या मधल्या वर्षांत अंतिम झाले त्यांचं काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

2021 मध्ये नवे न्यायाधीश बदलून आले. त्यांनी जुने दावे वेगळे काढले आणि एका दुपारी आमचा पुकारा झाला तेव्हा पक्षकारांना पुढे बोलावलं. वकील बाजूला. थोरल्या भावाला विचारलं, “या बाई तुमच्या कोण?” तो वकिलांकडे बघायला लागला. साहेब म्हणाले, “तिकडे नको, माझ्याकडे बघून सांगा.” तो म्हणाला, “बहीण.” “सख्खी?” “हो.” “वडील कधी वारले?” त्याने तारीख सांगितली, वादपत्रातलीच. “जमीन वडिलांना कुठून आली?” “आज्याची.” साहेबांनी एकेक वाक्य रोजनाम्यात घेतलं, दोघा भावांच्या सह्या घेतल्या आणि ऑर्डर 14 खाली मुद्दे नव्याने काढले. दोनच उरले: 1999 मध्ये तोंडी वाटणी झाली काय, आणि वादीने हक्क सोडला काय. दोन्ही शाबित करायची जबाबदारी प्रतिवादींवर. एवढ्याला कोर्टाचा अर्धा तासही लागला नाही.

त्यानंतर दावा चालला, खऱ्या अर्थाने चालला. भावाचं सरतपासाचं, म्हणजे आपल्याच बाजूने द्यायच्या साक्षीचं, शपथपत्र आलं. 2002 पासून सरतपास शपथपत्रावर असतो. त्याने कोर्टाचा वेळ वाचला हे खरं, पण साक्षीदाराचं स्वतःचं बोलणं त्यात हरवलं. शपथपत्र म्हणजे कैफियतच, फक्त ‘प्रतिवादी’ ऐवजी ‘मी’. 1998 ते 2002 या काळात मी पिंजऱ्यातून सरतपास घेतले आहेत. साक्षीदार दोन मिनिटं आपल्या शब्दांत बोलला की न्यायाधीशाला बरंच काही कळायचं. आता माणूस पहिल्यांदा बोलतो तो थेट उलटतपासात.

उलटतपासाची तयारी मी कागदांवरून केली. साखर कारखान्याकडून ऊस नोंदीचा उतारा मागवला होता, सोसायटीच्या कर्जाचा उतारा होता, विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल होतं. वाटणी झाली म्हणतात तर त्यानंतर प्रत्येकाचं वेगळं दिसलं पाहिजे, एवढाच विचार.

“2008 साली ऊस कुणाच्या नावावर नोंदला?”

“माझ्या.”

“कोणत्या गटातला?”

“सगळ्याच.”

“धाकट्या भावाला वाटणीत गेला म्हणता त्या गटातलाही?”

तो थांबला. मीही थांबले. उलटतपासात गप्प राहायला सीनियरांनी शिकवलं होतं. पुढचा प्रश्न घाईने टाकला की साक्षीदाराची सुटका होते. मग तो म्हणाला, “तवा आमचं एकत्रच होतं.”

साहेबांनी टंकलेखकाला सांगितलं: “हे म्हणणे खरे आहे की, 2008 साली आमचे एकत्र होते.” समोरचे वकील उठले, म्हणाले साक्षीदाराला ऊस एकत्र होता असं म्हणायचंय. इथे बारकावा आहे. आपल्याकडे साक्ष प्रश्नोत्तराच्या रूपात लिहीत नाहीत, सलग निवेदनात लिहितात. साक्षीदार जे बोलला आणि स्क्रीनवर जे उमटलं यात अंतर पडतं, कधी त्याच्या विरोधात तर कधी त्याच्या बाजूने. म्हणून उलटतपास घेताना माझा एक डोळा नेहमी स्क्रीनवर असतो. मी विनंती केली की एवढा भाग प्रश्नोत्तर रूपात घ्यावा. ऑर्डर 18 मध्ये तशी सोय आहे. साहेबांनी घेतला: प्रश्न जसाच्या तसा, उत्तर त्याच्याच शब्दांत, ‘तवा’ सकट. समोरच्या बाजूलाही तेच न्याय्य होतं. त्यांना जो अर्थ काढायचा तो त्यांनी युक्तिवादात काढावा. निकालपत्रात पुढे तेच उत्तर जसंच्या तसं आलं.

हक्कसोडीचा मुद्दा फार चालला नाही. नोंदणीकृत दस्त नाही हे भावाने उलटतपासात मान्य केलं.

2023 मध्ये प्राथमिक हुकूमनामा झाला, आक्कांचा एकतृतीयांश हिस्सा ठरला. भावांनी अपील केलं, स्थगिती मिळाली नाही. हिस्सा ठरला म्हणजे जमीन ताब्यात आली असं नाही. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, 1872 मध्ये नोंदवून ठेवलं आहे आणि आम्ही वकील आजही ते उद्धृत करतो. घराचं वाटप कोर्ट कमिशनरमार्फत होतं. शेतजमीन मात्र संहितेच्या कलम 54 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेखचा मोजणीदार. पूर्वी प्राथमिक हुकूमनाम्यानंतर फाइल कपाटात जायची आणि पक्षकाराने अंतिम हुकूमनाम्यासाठी नवा अर्ज करायचा. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलं की वाटपाच्या दाव्यात कोर्टाने आपणहून पुढची तारीख द्यावी, वेगळ्या अर्जाची वाट बघू नये. हा निकाल मी हुकूमनाम्याच्या दिवशीच दाखवला आणि साहेबांनी लगेच कमिशनर नेमला.

घराचं काम झालं आहे. आक्कांना रस्त्याकडची खोली आणि परसातला तुकडा आला. जमिनीची कागदपत्रं तहसील कार्यालयात आहेत, मोजणीची एक तारीख पावसामुळे गेली. अहवाल मुदतीत मागवावा म्हणून मी कोर्टात अर्ज दिला आहे, त्यावर म्हणणं यायचंय. आक्कांचा आग्रह विहिरीकडच्या तुकड्याचा आहे. मोजणीदार सारख्या प्रतीची जमीन देईल, पाणी सामाईक राहील, पण अमुकच तुकडा मिळेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही.

माझ्या ऑफिसात एक गोष्ट मात्र बदलली. प्रतिवादीची बाजू घेतली तरी ते ठरावीक वाक्य मी कैफियतीत जाऊ देत नाही. वादपत्र समोर ठेवून पक्षकाराला एकेक कलम वाचून दाखवते आणि विचारते, हे खरं का? खरं असेल तर ‘कबूल’ लिहिते. लोक घाबरतात. “मॅडम, समोरच्याचं कबूल केलं तर आपण हरणार नाही का?” असं परवाच एकाने विचारलं, भाडेकरूचा दावा आहे, घरमालक आमचा पक्षकार. भाडं कधीपासून किती, पावत्या कुणाच्या सहीच्या, हे सगळं आम्ही कबूल केलं आणि ज्या दुरुस्तीवरून खरा वाद आहे तेवढीच नाकारली. समोरच्या वकिलांनी फोन करून विचारलं की काही चुकून राहिलंय का. नाही म्हटलं. त्या दाव्यात पहिल्या तारखेलाच ऑर्डर 10 खाली दोन्ही बाजूंची विचारपूस व्हावी असा अर्ज मी कैफियतीसोबत जोडला आहे. तो पुढच्या महिन्याच्या बोर्डावर आहे.